कमाटीबागेत वीस मिनिटं

(दृश्य: सुरसागरचा काठ, सकाळ. ट्रायपॉडवर चहूकडचं टिपणारा कॅमेरा.)

बडोदं, सुरसागर. कॅमेरा जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर लावलाय, कारण बघणारी व्यक्ती खुर्चीत बसलेली असेल: केमो घेणारा पेशंट, डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, म्हणजे चहूकडचं दृश्य दाखवणारा चष्मा. कॅमेऱ्याला जागचं हलवायचं नाही. कमाटीबागेतही तसंच. रोलर कोस्टरची हौस दुसरीकडे भागवावी. कॅमेरा हलला की डोळ्यांना वाटतं आपण पुढे चाललोय, कानातला तोल मात्र सांगतो की बसून आहोत. मळमळ सुरू होते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधावरच्या पेशंटला ती आधीच काय कमी असते?

(दृश्य: डे-केअर वॉर्ड. हेडसेट पुसणारे हात.)

हेडसेटचं वजन साधारण अर्धा किलो. चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची गादी प्रत्येक पेशंटनंतर जंतुनाशक वाइपनं पुसून पूर्ण वाळू द्यायची. केमोत पांढऱ्या पेशी घटतात, संसर्ग पटकन होतो, तेव्हा इथे घाई नको. भिंगांना स्पिरिट लावलं की वरचा लेप खराब होतो. त्यांना कोरडं मायक्रोफायबर कापड. केस गेलेल्या डोक्याला पट्टा काचतो, म्हणून खाली सुती टोपी.

(दृश्य: सिस्टर पट्टा बसवतात.)

"काकू, गरगरलं तर लगेच सांगा हं. आणि सलाइनच्या हाताला आग झाली, तरी सांगा."

डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जळतं. मन बागेत रमलं की पहिली चुरचुर लक्षातच येत नाही. म्हणून सिस्टरची नजर हातावर. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध असेल तर पहिली पंधरा मिनिटं हेडसेट नाहीच. रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच येते, चेहरा दिसायला हवा. फिट येत असेल किंवा मेंदूत गाठ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

खुर्ची मागे कलली की समोर नुसतं आभाळ दिसतं. काकू टेकल्या, की सिस्टर रिमोटचं बटण दाबून बाग पुन्हा डोळ्यांसमोर आणतात.

(दृश्य: काकूंची मान सावकाश डावीकडे वळते. निवेदन नाही, फक्त बागेतले आवाज.)

भाजलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी हे तंत्र सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात वापरलं. केमोबद्दल २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेशंटना वेळ कमी गेल्यासारखा वाटला. दोन दिवसांनंतरच्या त्रासात मात्र फरक दिसला नाही.

(दृश्य: चार्जिंगचा बोर्ड.)

बॅटरी दोन तासांच्या आसपास टिकते. एक हेडसेट वापरात, दुसरा चार्जिंगला, भिंगं खिडकीकडे न करता: ऊन भिंगातून आत एकवटलं, की स्क्रीनवर कायमचा डाग.