छप्पर थंडीसाठी नाही हो, पावसासाठी

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये एका बोटॅनिकल गार्डनच्या कॅक्टस हाऊसमध्ये मी काम करतो, आणि बघायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतं, अहो ही वाळवंटातली झाडं ना, मग यांना छप्पर कशाला? तर लंडनच्या क्यू गार्डनला वगैरे काच असते ती थंडीसाठी, आपल्याकडे छप्पर पावसासाठी. अवकाळीच्या धाकाने आता द्राक्षबागेवर प्लास्टिक टाकतात ना, तसंच समजा.

उन्हाळ्यात पारा ४० ला टेकला तरी ही झाडं नुसती आकसतात, मरत नाहीत. पावसाळ्यात मात्र वरून टवटवीत आणि हात लावला की बुडाशी लिबलिबीत! मागे एका जुलैत छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं, थेंब थेंबच, आठवडाभर कोणाच्या लक्षातच आलं नाही आणि माझं दहा वर्षांचं लाडकं गोल कॅक्टस गेलं. आता पहिला पाऊस पडला की मी कुंड्या नंतर बघतो, आधी छप्पर.

पाण्याचं म्हणाल तर यांचा कारभारच उलटा. दिवसा अंगावरची बारीक छिद्रं बंद, रात्री गारव्यात उघडायची, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवायचा आणि दिवसा उन्हात वापरायचा, त्यामुळे अंगातलं पाणी फार उडत नाही. म्हणून सोमवार आला की पाणी असं नको. काडी खुपसून बघा, तळापर्यंत कोरडं असेल तरच घाला, पण मग खालच्या भोकातून येईपर्यंत घाला. थंडीत जवळजवळ बंदच. आणि आपली काळी माती नको, ती पाणी धरून बसते, जाड वाळू, विटांचे तुकडे, थोडं कुजलेलं शेणखत, बास.

मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, त्याबद्दल द्राक्षवाल्यांना मी काय सांगणार! आमच्याकडे तो काट्यांच्या बुडाशी कापसासारखा दिसतो, मुळांवर पण लपतो, म्हणून कुंडी उलटी करून बघा. याचाच लांबचा चुलतभाऊ कोचिनियल नावाचा किडा, १७९५ मध्ये लाल रंगासाठी म्हणून भारतात आणला, पण आला भलताच किडा, रंग राहिला बाजूला आणि त्याने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला.

हां, नर्सरीतलं ते लाल गोळ्याचं कॅक्टस घेतलंय का कोणी? ते कलम आहे बरं का, डॉगरीजच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतो तसंच. लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्याला पोसतं खालचं हिरवं खोड, ते बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतलं, आणि त्याला थंडी अजिबात सोसत नाही. तेवढी एक कुंडी डिसेंबरात घरात घ्या.