ओल्या कचऱ्यातला गॅस हवेत सोडायचा की शेगडीत जाळायचा?

नमस्कार मंडळी! भाज्यांची सालं, उरलंसुरलं अन्न, सगळं एका पिशवीत घालून गाठ मारली आणि दोन दिवस तसंच राहिलं की काय होतं? पिशवी टम्म फुगते, खाली काळपट पाणी सुटतं आणि गाठ सोडली की वास थेट डोक्यात जातो. ती फुगलेली हवा आपण भरलेली नसते बरं का, तो वायू आतल्या जीवाणूंनी तयार केलेला असतो.

आता हीच पिशवी डम्पिंग ग्राउंडवर जाते, वर कचऱ्याचे थरावर थर, आत ऑक्सिजन शिरायला जागाच नाही, मग तिथे वेगळे जीवाणू वाढतात आणि ते मिथेन सोडतात. हा मिथेन १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो, २० वर्षांच्या हिशोबाने तर ८० पटीच्याही वर. पण तो हवेत टिकतो साधारण १२ वर्षंच. म्हणजे आज थांबवला तर फरक आपल्याच हयातीत पडणार, आणि खरं सांगू, मला या विषयात सगळ्यात जास्त आशा याच गोष्टीमुळे वाटते.

बायोगॅसच्या टाकीत काम तेच चालतं, फक्त झाकण बंद असतं आणि गॅस आपल्या हातात येतो. सुरुवातीला शेण कालवून घालायचं, कारण हवे ते जीवाणू त्यात तयारच असतात. त्यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते, म्हणून थंडीत गॅस कमी येतो, घाबरू नका. १ किलो ओल्या कचऱ्यातून अंदाजे १०० लिटर गॅस, त्यावर छोटी शेगडी २०-२५ मिनिटं चालते. ज्योत निळी, भांड्याला काजळी नाही. जळल्यावर कार्बन डायऑक्साइड होतोच, पण तो कार्बन झाडाने थोड्याच काळापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, जमिनीखालून काढलेला नसतो. आणि टाकीतून जी स्लरी बाहेर पडते त्यात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश राहतात, ती मातीत परत घाला, रासायनिक खत तेवढं कमी लागतं.

काही जण विचारतात, सगळा कचरा एकत्र जाळून वीज केली तर? अहो, ओल्या कचऱ्यात बहुतेक पाणीच असतं, बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते, आणि सोबत जळणारं प्लास्टिक म्हणजे शेवटी खनिज तेलच, त्याला रिन्यूएबल म्हणणं मला पटत नाही. म्हणून ओला-सुका वेगळा करणं घरातच व्हायला हवं, एकदा मिसळलं की नंतर निवडणं फार अवघड.

आणि एक राहिलं, गळती! टाकी गळत असेल तर मिथेन पुन्हा हवेतच चालला, मग केलेलं सगळं पाण्यात. पाइपच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि नीट बघा, बुडबुडे आले तर तो जोड आधी दुरुस्त करा. काडी पेटवून मात्र कधीही तपासू नका.