बघणाऱ्यांचा डाव

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या व्हिडिओ गेमचं जतन : का आणि कसं’. त्या ‘का’कडे आणि ‘कसं’कडे मी येणार आहे. पण त्याआधी तुम्हाला एका खोलीत घेऊन जाते. लालबागची चाळ, तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली, १९९३ सालचा मे महिना. वार्षिक परीक्षा संपलेली, गॅलरीत वाळवणं पडलेली. आणि खोलीत चौदा मुलं. दोघं पलंगावर, एक उंबऱ्यात, बाकीची जमिनीवर. पलंगाखाली पाय सारून बसलं की पुढे अजून एक रांग मावायची.

खोली ज्याची, तो आमचा सगळ्यांचा दादा. त्याच्या वडिलांनी मनीष मार्केटमधून व्हिडिओ गेम आणला होता. जपानमध्ये निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ला फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्याची ही नक्कल. म्हणजे तिकडची मुलं ज्याच्यावर दहा वर्षं खेळून झाली होती, ते आमच्या चाळीत त्या दिवशी कोरं करकरीत उतरलं. टीव्हीवर आठ बटणं असायची, प्रत्येकाखाली ट्यूनिंगची बारीक चाकं. आठवं बटण रिकामं होतं. दादाने ते चाक फिरवत फिरवत मुंग्यांमधून ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ गेममधला मारिओ बाहेर काढला तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या.

रिमोट दोन. हो, हातात धरायच्या कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो, आणि गेमच्या कार्ट्रिजला कॅसेट. इथे माना हलताहेत, म्हणजे तुम्हीही त्यातलेच. नियम होता ‘एक लाइफ, एक माणूस’. मारिओला सुरुवातीला तीन लाइफ मिळतात, म्हणजे एका गेममध्ये तिघं. माणूस मेला की रिमोट पुढच्याच्या हातात. मुलींचं राज्य सगळ्यात शेवटी, आणि आमच्यापर्यंत येईतो अॅडाप्टर तापलेला असायचा. मग काकू यायच्या, अॅडाप्टरला हात लावायच्या, आणि म्हणायच्या, ‘झालं आता, पिक्चर ट्यूब जाईल.’ टीव्ही बंद.

तर माझ्या लहानपणचा व्हिडिओ गेम हा मुख्यतः बघितलेला आहे. आणि मला आज तुमच्यापुढे मनापासून जे मांडायचंय ते हेच आहे, की तेव्हा बघणाराही खेळत होता. ही नुसती हौशी कल्पना नाही, त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. तो आता सांगते, आणि तो जरा सविस्तरच सांगणार आहे.

तुमच्यापैकी जे मारिओ खेळलेत त्यांना शेवटचा झेंडा आठवत असेल. मारिओ झेंड्याच्या काठीवर उडी मारतो, घसरत खाली येतो, चालत किल्ल्यात जातो. आणि मग कधीकधी किल्ल्यावर फटाके उडतात. कधी एक, कधी तीन, कधी सहा. बहुतेक वेळा एकही नाही. का? खोलीत चौदा मुलं आणि चौदा मतं. दादाचं म्हणणं, काठीच्या अगदी टोकाला हात लागला तर. दुसरा म्हणायचा, नाणी जास्त गोळा केली तर. एकाने तर ठामपणे सांगितलं होतं की मंगळवारी फटाके उडत नाहीत. आणि मंडळी, दोन मंगळवार खरंच उडाले नाहीत, त्यामुळे तिसऱ्या मंगळवारी कुणी खेळायलाच बसेना!

माझ्याकडे एक वही होती. दरवर्षी मे महिन्यात आई सगळ्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून दाभणाने शिवून द्यायची, तसली. मी त्यात दोन रकाने आखले. मारिओने काठी धरली की वर उजव्या कोपऱ्यातली वेळ थांबते, आणि तो किल्ल्यात शिरला की उरलेल्या वेळेचे गुण व्हायला लागून आकडे भराभर शून्यावर येतात. मधे दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात आकडा वाचायचा, एका रकान्यात लिहायचा, शेजारी फटाके. मधे काकूंचे पाहुणे आले, एकदा दिवसभर लाइट नव्हती, तरी पंधरा दिवसांत चार पानं भरली. आणि एका दुपारी गॅलरीत बसून ती पानं वाचताना मला दिसलं, की शेवटचा अंक १ असेल तर एक फटाका, ३ असेल तर तीन, ६ असेल तर सहा. इतर कुठल्याही अंकाला काही नाही.

मी आत जाऊन सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. दादा मात्र म्हणाला, ‘बस इथे माझ्या बाजूला, आणि आकडे सांग.’ त्या घड्याळातला एकेक आकडा अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात पडतो. उडी मारणाऱ्याची नजर मारिओच्या पायाशी असते, त्याला वर कोपऱ्यात बघायला फुरसत कुठे? मी मोजायला लागले. ‘एक, शून्य, नऊ, आठ...’ आणि आठला ओरडले, ‘मार!’ काठीला हात लागेतो सहा झाले होते. सहा फटाके. अख्खी खोली उभी राहिली. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून मोजणी सगळ्यांनी मिळून व्हायची. चौदा मुलं एका सुरात उलटे आकडे म्हणायची आणि एकजण उडी मारायचा. आता मला सांगा, त्या फटाक्यांत रिमोट धरणारा एकटाच खेळत होता का? निन्टेन्डोच्या मियामोतो आणि तेझुका या दोघांनी १९८५मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स रचला तो एका वेळी एकाने खेळायचा म्हणून. दुसरा खेळाडू असला तरी त्याने आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. लालबागमध्ये तो चौदा जणांचा झाला, कारण टीव्ही एक होता आणि खोली एक होती.

बघणाऱ्याला आणखीही बरंच काही दिसतं. मला एकदा दिसलं, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचा आकार एकच आहे, नुसता रंग बदललाय. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘गप बस, मी मरेन.’ खूप वर्षांनी कळलं की तो अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. आज तुम्ही सकाळी फुलांचा फोटो पाठवता ना एकमेकांना, त्याला याच्या कितीतरी पट जागा लागते. त्या माणसांनी एक चित्र दोनदा वापरून जागा वाचवली. आमची आई जुन्या वह्यांची पानं वाचवायची, त्यामुळे मला ते कळल्यावर फार आपलं वाटलं.

आणि तो किल्ला! दर चौथ्या स्टेजला राक्षसाला पाडायचं आणि पुढे तो छत्रीच्या डोक्याचा बुटका येऊन इंग्रजीत काहीतरी सांगणार. आम्ही सगळी मराठी शाळेतली. शब्दकोशातून एकेक शब्द काढला, तेव्हा कळलं की आभार मानून तो म्हणतोय, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. सात वेळा तेच! शेवटच्या आठ-चारला, म्हणजे आठव्या जगातल्या चौथ्या स्टेजला, पाइपांचा चकवा आहे. चुकीच्या वाटेने गेलं की पुन्हा तिथेच. एक पाइप हवेत लटकलेला, त्यावर चढायला न दिसणारी वीट डोक्याने शोधायची, पुढे पाण्याखालचा एक तुकडा. त्याचा नकाशा माझ्या वहीत आहे. त्या वर्षी दिवाळीत चाळीच्या अंगणात आम्ही किल्ला केला, त्यात बुरुज, मावळे, अळीव पेरलेलं रान, आणि तटाला लागून पुठ्ठ्याचा हिरवा पाइप. शिवाजी महाराज सिंहासनावर आणि खाली पाइप. मोठ्या माणसांनी विचारलं, हे काय? दादाने सांगितलं, चोरवाट.

आता माझी तक्रार. ती मी तीस वर्षं बाळगून आहे आणि आज सांगणार आहे.

दोनेक वर्षांनी करी रोड स्टेशनच्या वाटेवर व्हिडिओ गेमचं पार्लर सुरू झालं. तिथे ‘मुस्तफा’ होता. नाव घेतल्याबरोबर तिकडे कोपऱ्यात हसू आलं बघा. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३मध्ये काढलेल्या त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. पण मुंबईत ते कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यातल्या चौघांपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा कैरो चपळ होता, पोरांना आवडायचा, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. एका मशीनवर तिघं एकत्र खेळायचे. एक रुपयाचं टोकन.

मी पहिल्या दिवशी भावाबरोबर गेले. मालकाने मला पायरीवरच अडवलं. म्हणाला, ‘मुलींचं इथे काय काम?’ आत पोरं गप्प झाली आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी पायरीवरच उभी राहिले. त्यानंतरही जायचे, पण पायरीपर्यंतच. दाराला पडदा होता, तो पंख्याने हलला की मशीनचा अर्धा काच दिसायचा.

आणि मंडळी, त्या चौघांत एक हॅना डंडी होती. बाई! सुरा चालवणारी, डायनोसॉरच्या रानात फिरणारी. पोरं तिला घेत नसत. ती आत मशीनमध्ये होती, आणि मी बाहेर पायरीवर.

भाऊबीजेला मला ओवाळणीत रुपये मिळाले. त्यातला एक मी भावाला परत दिला आणि म्हटलं, ‘माझ्यासाठी हॅना घेऊन खेळ.’ त्याला ते अवघड होतं, मित्र हसणार. पण गेला. आत जाऊन त्याने पडदा एका खिळ्याला अडकवला, मला दिसावं म्हणून, आणि हॅना घेतली. मी पायरीवरून बघत होते. दुसऱ्या स्टेजला त्याने मान वळवून विचारलं, ‘ताई, दिसतंय का गं?’ आणि तेवढ्यात मागून फटका बसून हॅना पडली. शेवटची लाइफ होती. डाव संपला.

मी हॅना घेऊन खेळलेला तो एकमेव डाव. भाऊ आजही म्हणतो, ‘तू खेळलीस, मी फक्त बटणं दाबली.’

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं उरलीत. मला वाटलं होतं अर्धा तास तरी असेल. ठीक आहे, आता विषयावर येते, भराभर सांगते.)

का जतन करायचं? गेमचा मजकूर, म्हणजे ते ४० किलोबाइट, कुठे जात नाहीत, जगभर त्यांच्या प्रती आहेत. यंत्रं संग्राहक सांभाळताहेत. बनवणाऱ्यांचा इतिहासही लिहिला जातोय. कोनामी या जपानी गेम कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो २०२०मध्ये गेले तेव्हा जगभर बातम्या आल्या, कारण वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए हा संकेत त्यांनी १९८६मध्ये ग्रेडियस या गेमच्या फॅमिकॉम आवृत्तीसाठी घातला होता. पुढे काँट्रा या गेममध्ये तो केला की तीस लाइफ मिळायच्या. पण हाच संकेत परळच्या शाळेत पाढ्यासारखा चालीवर म्हटला जायचा, ती चाल कुठे नोंदवली आहे? कुठेच नाही.

आपला अनुभव हा तिकडच्या अनुभवाची प्रत नव्हता. एक उदाहरण देते. जपानचा तेव्हाचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपला पाल नावाच्या प्रक्षेपण पद्धतीचा ५० वेळा. मारिओच्या गेमचं संगीत चित्राच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे ५०वर चालणाऱ्या यंत्रात ते सहाव्या हिश्शाने संथ होतं. कोजी कोन्डो यांनी केलेली मूळ चाल मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कुणीतरी मारिओला घाई करतंय. आमचा मारिओ निवांत होता.

आणि काही गोष्टी हातातून चालल्यात. बदकांच्या गेमची बंदूक घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे गणित पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा उमटतं, त्यामुळे बंदूक आंधळी होते. घरात जुना टीव्ही असेल तर भंगारात देण्याआधी कृपा करून मला एक फोन करा. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, मुळीच. पूर्वीही ती पुन्हा नीट बसल्यामुळे चालायची, फुंकरीने नाही. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

कसं करायचं? सगळ्यात आधी माणसांना विचारायचं, आणि रिमोट धरणाऱ्यांच्या आधी बाजूला बसलेल्यांना. धाकट्या बहिणी, ज्यांना कच्चा लिंबू म्हणून वायर न जोडलेला रिमोट दिला जायचा ते, अॅडाप्टरला हात लावणाऱ्या काकू. कोण कुठे बसायचं, राज्य कसं ठरायचं, रडीचा डाव कशाला म्हणायचे, फटाके का उडतात याच्या कुठल्या कथा होत्या. हे चुकीचं असलं तरी लिहायचं, मंगळवारसकट. आणि नावं. गेमची, राक्षसांची, हत्यारांची, जी तुमच्या गल्लीत पडली होती ती. पुढच्या गल्लीत वेगळी असणार, तीही हवीत. लिहिताना साल आणि चाळीचं किंवा इमारतीचं नाव नक्की टाका.

माझी वही दुसऱ्या रांगेतून मागे जाते आहे. शिवण सैल झाली आहे, पानं हळू उलटा. फटाक्यांचा तक्ता नवव्या पानावर आहे, आठ-चारचा नकाशा शेवटून तिसऱ्या. दाराशी टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत, जाताना प्रत्येकाने निदान अर्धं पान लिहून जा.

वेळ संपली म्हणतायत. एक प्रश्न घेते. तुम्ही, खांबाशी बसलेल्या ताई. विचारा, पण आधी मला सांगा, ते पंखवालं कासव उड्या मारत यायचं ना, त्याला तुमच्याकडे काय म्हणायचे?