एकसारख्या लाटा फार वेळ एकसारख्या राहत नाहीत

लांब टाकीच्या एका टोकाची फळी सेकंदाला एकदा पुढेमागे होते आणि पाण्यात लाटा उठवते. तिच्यासमोरची प्रत्येक लाट १.५६ मीटर लांब, स्थिर पातळीपासून ३ सेंटिमीटर उंच. पट्टी लावा, फरक सापडणार नाही.

आता तीच लाटमाळ पन्नास मीटर पुढे. पाण्याची उंची मोजणाऱ्या तारांवरचा आलेख पाहा: उंच शिखरं, मग जवळजवळ सपाट पाणी, पुन्हा शिखरं. साधारण दर आठ लाटांमागे एक गट. फळी बिघडलेली नाही. तिच्या हालचालीत ०.८८ आणि १.१२ हर्ट्झचे दोन बारीक सूर, म्हणजे किंचित मंद आणि किंचित जलद अशा दोन छोट्या लाटा, मिसळले होते, उंचीने मूळ लाटेच्या पाच टक्के. हिशेबाने ते दर १७ मीटरला २.७ पट होतात. लाटेची उंची निम्मी केली आणि सूर त्याच प्रमाणात मूळ लयीच्या जवळ आणले, तर त्याच वाढीला चौपट अंतर लागतं. आखूड टाकीत काहीच दिसत नाही, ते यामुळेच.

(निवेदन थांबते. फक्त पाण्याचा आवाज.)

१९६५ मध्ये गणितज्ञ व्हिटम यांनी एकेका लाटेचा पाठलाग सोडून दिला. लाटेवर सरासरी घ्यायची आणि आयाम (स्थिर पातळीपासूनची उंची) व तरंगलांबी सावकाश कशा बदलतात तेवढंच लिहायचं, हा मॉड्युलेशन सिद्धांत. खोल पाण्यात उंच लाट किंचित वेगाने धावते. म्हणून गटाच्या मध्यातली शिखरं पुढच्यांना गाठतात: पुढे लाटा दाटतात, मागे ताणल्या जातात. ऊर्जेचा वेग मात्र आखूड लाटेत कमी, लांब लाटेत जास्त. पुढची ऊर्जा रेंगाळते, मागची येऊन धडकते, मध्य फुगतो. इतकी साधी गोष्ट. १९६७ मध्ये बेंजामिन आणि फेअर यांनी ती गणिताने आणि टाकीतही दाखवली.

शिखर फुटलं की हिशेब बिघडतो: ऊर्जा फेसात जाते आणि वरचढ ठरतो तो कमी वारंवारतेचा सूर. दुसरी अडचण टाकीच्या पलीकडच्या टोकाच्या उताराची. तिथून परतलेली लाट आलेखात गटांसारखीच दिसते, म्हणून ती येण्याआधीचंच मोजमाप धरायचं.

उत्तर समुद्रात ड्राउपनर या समुद्रातल्या मंचावर १ जानेवारी १९९५ रोजी २५.६ मीटर उंचीची लाट नोंदली गेली. तिच्यामागे हेच कारण होतं, असं लगेच म्हणता येत नाही. खुल्या समुद्रात लाटा अनेक दिशांच्या असतात, तिथे हा परिणाम मंदावतो.

शेवटची फेरी. टाकीतल्या पाण्याची खोली २५ सेंटिमीटरवर आणली. फळी तीच, सूर तेच. लाट आता १.३ मीटर लांब. पन्नास मीटरवरचा आलेख पाहा. गट नाहीत.