सहा, सहा, सहा आणि चार

नमस्कार मंडळी.

मन खचलेलं असलं की ऐकणारा एखादं गाणं लावतो आणि डोळे मिटून बसतो. गाणाऱ्याची मात्र पंचाईत असते. गाणं हेच त्याचं काम, आणि वाईट काळात अडतं तेही तिथेच.

आधी गळा. रडू दाबलेलं असलं की घशाचे स्नायू आवळलेले राहतात. अशा वेळी तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला गेलात की आवाज फाटतो आणि वाटतं, आता गाणंही गेलं. ते गेलेलं नसतं. पेटीच्या काळी चारला गात असाल तर थोडं खाली, काळी तीन घ्या. पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, मग मध्य सप्तकातच आकार लावा, म्हणजे नुसत्या 'आ'वर सूर धरा. श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला द्या. तेवढं झालं की त्या दिवसापुरतं पुरे.

तेही नको वाटलं तर नुसता तानपुरा लावा. आधी पंचमाची तार, मग जोडाच्या दोन तारा (मधला 'सा'), मग खर्ज (खालचा 'सा'). घोडी (तारा टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामधला दोरा केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी बोदा वाटणारी तार अचानक खुलते. ती जागा शोधताना कान दुसरीकडे जाऊच शकत नाही. (यंत्रातला तानपुरा सोयीचा खरा, पण ही दहा मिनिटं तो आपल्याला देत नाही.)

आता लिहिण्याकडे येऊ. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाचा १९८६ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे: सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनावरचं ओझं कागदावर उतरवायचं. त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लिहून झाल्या-झाल्या बऱ्याच जणांना आणखी वाईट वाटतं. म्हणून तो कागद त्याच रात्री चालीत बसवू नका. चार दिवस वहीत राहू द्या.

मग छंद घ्या. आपल्याकडे अभंग तयार आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. 'माझं दुःख अथांग आहे' यात धरायला काही नाही. त्याऐवजी घरातली एक वस्तू घ्या:

दाराशी चपला
तशाच राहिल्या
धुळीने माखल्या
कोणासाठी

शेवटच्या चरणात चारच अक्षरं मिळतात, त्यामुळे हुंदका लांबवता येत नाही. 'तशाच' की 'तिथेच', यावर अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात दुःख हा आपल्या हातातला कच्चा माल असतो. मोकळं लिहिण्यापेक्षा हे मोजून लिहिणं जास्त आधार देतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गाणं पूर्ण बंद करावं लागलं तर? कुमार गंधर्वांना क्षय झाला, १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले आणि काही वर्षं गाण्याची मनाई होती. अंथरुणावरून ते माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. पुढे त्या धुनांतूनच त्यांनी नवे राग बांधले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, म्हणून लांबलचक दमसासाऐवजी छोट्या, टोकदार स्वरावली आल्या. आजारानं घातलेली अट गायकीचा भाग झाली.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. तीच उदास चाल दिवसभर घोळवत राहिलं तर मन मोकळं होत नाही, त्याच खड्ड्यात फिरत राहतं. दोनदा गाऊन वही मिटा. विचार टाळायला सहा-सहा तास वाद्याचा रियाज केला तर बोटं आणि मनगट दुखावतात, आणि मग उरलेला आधारही जातो. ताजं गाणं लगेच लोकांसमोर नेऊ नका, कारण टाळ्या कमी पडल्या तर त्या चालीला नाही, आपल्या दुःखाला कमी पडल्या असं वाटतं. आणि दोन आठवडे झोप नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तानपुरा गवसणीत ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. जीवच नकोसा झाला असेल तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घ्या.