ओटीची फाइल

ओटी म्हटलं की आपल्याकडे लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं, नाहीतर खणानारळाची ओटी. तुम्ही इंटर्न मंडळी हे रोज ऐकत असाल. आपली ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. ब्रिटनमध्ये मात्र ‘ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ या नावाला कायद्याचं कुंपण आहे. एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेच्या रजिस्टरमध्ये नोंद नसताना ते स्वतःला लावणं हा तिथे गुन्हा ठरतो. म्हणून नोंदणी होईपर्यंत माझ्यासारखी कितीतरी मुलं थेरपी असिस्टंट म्हणून राबतात.

इथून जाताना मला एक गुर्मी होती. केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी 1950 साली आशियातली पहिली ओटी शाळा काढली. ओटीच्या वर्ल्ड फेडरेशनच्या 1952 च्या संस्थापक देशांत भारत आहे. मग आपली डिग्री कोण अडवणार? पण एचसीपीसीला परंपरेशी देणंघेणं नाही. दोन तपासनीस तुमचं शिक्षण आणि अनुभव त्यांच्या निकषांशी एकेक करून ताडून बघतात. फेडरेशनने ठरवलेलं किमान 1000 तासांचं क्लिनिकल पोस्टिंग तुमचं झालेलंच असतं, पण कुठल्या विभागात किती तास, हे कॉलेजने लिहून द्यावं लागतं. तो कागद इथे असतानाच मिळवा. मी गेल्यावर मागितला, तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, ‘रजिस्टर जुन्या कपाटात आहे, चावी सरांकडे, सर रजेवर.’ माझ्या आईने चार खेटे घातले तेव्हा कागद हातात आला.

आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, सरासरी 7 आणि एकाही भागात साडेसहाच्या खाली नाही, एवढं लागतं. ते क्लासवाले सांगतीलच.

खरी अडचण अर्जात आपला अनुभव लिहिण्याची. मी लिहिलं होतं: ‘स्ट्रोकच्या पेशंटला स्प्लिंट दिला, एडीएल ट्रेनिंग केलं.’ म्हणजे हाताला आधाराची पट्टी दिली आणि रोजच्या कामांचा सराव करून घेतला. तपासनीसांनी विचारलं, स्प्लिंटच का? पेशंटची संमती कशी घेतली? त्याला स्वतःला काय करायचं होतं? आता खरं सांगते, आपल्या ओपीडीत आजोबांना कोण विचारतं? मुलगा ‘हो’ म्हणतो, आपण कामाला लागतो. तिकडे इंग्लंड-वेल्समध्ये मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट, 2005 आहे. निर्णय घेण्याची क्षमता माणसात आहे, असंच धरून चालायचं. नसेल तर ते तुम्ही दाखवायचं. मुलाच्या ‘हो’वर भागत नाही.

मग मी एकच केस निवडली. परळच्या चाळीतल्या आजी, लकवा झालेल्या. मला त्यांच्या हाताची पकड सुधारायची होती, त्यांना सामायिक संडासापर्यंत एकटीने जायचं होतं. अठरा पावलं आणि एक उंबरठा. मी पकड सोडून उंबरठ्यावर काम केलं होतं. का केलं, हे पहिल्या अर्जात मी लिहिलंच नव्हतं, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा ते दोन पानं लिहिलं.

नोंदणीचं पत्र आलं तेव्हा मी एका वॉर्डात कमोडची उंची मोजत होते.