सरोवरावरचा धूर

श्रोतेहो, नमस्कार. डीप पर्पल या इंग्लिश रॉक समूहाच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची गिटारवरची सुरुवात आपल्या कानांवरून कधी ना कधी गेलीच असेल. या गाण्यात वर्णन केलेली आग खरोखरच लागली होती.

तारीख होती ४ डिसेंबर १९७१, गाव स्वित्झर्लंडमधले माँत्रो. हिवाळ्यात बंद राहणाऱ्या तिथल्या कॅसिनोत नवा अल्बम ध्वनिमुद्रित करावा, या बेताने डीप पर्पलची मंडळी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ घेऊन आली होती. कॅसिनो रिकामा होण्यापूर्वी अमेरिकी संगीतकार फ्रँक झापा यांचा एकच कार्यक्रम उरला होता. तो चालू असताना प्रेक्षकांपैकी कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याची ज्वाळा सोडणारे पिस्तूल, झाडली आणि छत पेटले. झापा यांनी रंगमंचावरूनच श्रोत्यांना शांतपणे बाहेर पडण्यास सांगितले, तर माँत्रो जॅझ महोत्सवाचे क्लोद नोब्स स्वतः आत धावून तरुण मुलांना बाहेर काढत राहिले. त्यांचा उल्लेख गाण्यात आहे आणि तो असायलाच हवा होता. कॅसिनो जळून खाक झाला, परंतु जीव एकाचाही गेला नाही. हे पुन्हा सांगतो, एकाचाही गेला नाही. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला तो धूर या वादकांनी डोळ्यांनी पाहिला आणि काही दिवसांनी झोपेतून जागे होताना बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हर यांना गाण्याचे नाव सुचले.

पुढे दुसऱ्या सभागृहातून आवाजाच्या तक्रारींमुळे त्यांना निघावे लागले आणि उरलेले काम बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात झाले. गिटार शिकणारे ही सुरावट सर्वांत आधी वाजवतात, मात्र समूहाचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर त्यातले दोन स्वर बोटांनी एकदम छेडतात, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. शिकवणाऱ्यांनी ते आग्रहाने शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियातील स्पिताक परिसरात भूकंप झाला आणि किमान पंचवीस हजार माणसे दगावली. त्यांच्या मदतीसाठी १९८९ साली लंडनमध्ये हेच गाणे नव्याने ध्वनिमुद्रित झाले. मूळ गायक इयन गिलन यांच्यासोबत ब्रूस डिकिन्सन आणि पॉल रॉजर्स गायले. गिटारवर ब्लॅकमोर होतेच, शिवाय ब्रायन मे, डेव्हिड गिलमर आणि टोनी आयोमी होते. पुढे गिलन आणि आयोमी यांनी आर्मेनियातील ग्युम्री येथील संगीतशाळेसाठीही निधी उभा केला.

आता १९८९ सालचे ते ध्वनिमुद्रण ऐकू या.